आधी सांगते, सगळं ठीक आहे

"शाळेतून मॅडमचा फोन आला की मी आधी गॅस बंद करायचे," माझ्या पुढे बसलेली बाई शेजारणीला सांगत होती. "म्हटलं, पळायची वेळ आली तर कुकर तरी वर नको."

"मी तर पायात चप्पल सरकवून मगच उचलायचे," शेजारीण म्हणाली.

दोघी हसल्या. मग समोरच्या टेबलावर तुमचा हार घातलेला फोटो आहे हे त्यांना आठवलं असावं, कारण दोघी एकदम खोकल्या.

मॅम, तुमच्या शोकसभेतलं मला आवडलेलं बोलणं एवढंच. माइकवरून बरंच चांगलं बोललं जात होतं. शिस्त, दूरदृष्टी, शाळेची भरभराट. नवे प्रिन्सिपल सर तुम्हाला दोनदाच भेटले होते आणि त्यांनी ते प्रामाणिकपणे सांगितलंही. मी मात्र त्या फोटोकडे बघत विचार करत होते की हा कुणी निवडला. त्यात तुम्ही चष्मा काढून बसला आहात. चष्म्याशिवाय तुम्हाला समोरचा माणूस नीट दिसायचा नाही, आणि या फोटोत तुम्ही नेमक्या तशाच बघताय, समोर कोण आहे याचा अंदाज घेत.

मी शेवटच्या रांगेत भिंतीकडच्या खुर्चीवर होते. तुम्ही असतात तर तिकडेच आधी बघितलं असतंत.

पुढच्या त्या दोघींना जो फोन आठवत होता, तो तुम्ही शाळेच्या प्रत्येक दिवशी, मधल्या सुट्टीनंतर करायचात. कुठल्या तरी एका मुलाच्या घरी एक फोन, आणि त्या मुलाची एक चांगली गोष्ट. मार्कांची नाही. "मार्क कार्डावर येतातच, त्याला फोन कशाला," असं तुम्ही म्हणायचात. मुलानं नव्या मुलीला नळ कुठे आहे ते दाखवलं, किंवा हरल्यावर रडला पण पुढचा डाव खेळला, असलं काहीतरी. स्टाफरूममध्ये त्याला 'गोड फोन' म्हणायचे. "आज कुणाचं तोंड गोड करताय, मॅडम?" असं चेष्टेनं विचारलेलं मी दाराबाहेरून ऐकलंय. मी दाराबाहेरून बरंच ऐकायचे.

माझा फोन आला तेव्हा मी चौथीत होते आणि तुम्ही शाळेत नव्या होतात.

आमचा वर्ग तुमच्या केबिनच्या बरोबर वर होता. शाळा सुटताना प्रत्येकानं आपली खुर्ची मागे ओढायची, उचलायची आणि डेस्कवर उलटी ठेवायची, म्हणजे मावशींना झाडता यायचं. रोज दुपारी तुमच्या डोक्यावर चाळीस-पन्नास खुर्च्या ओढल्या जायच्या. तुम्ही टेबलाशी बसून ते ऐकायचात, आणि तुमच्या लक्षात आलं की एका जागेवरून आवाज येत नाही. बरोबर तुमच्या पंख्याच्या वर. पहिल्यांदा तुम्हाला वाटलं तिथे कुणी बसत नसेल. मग एक दिवस शाळा सुटायच्या आधी तुम्ही वर येऊन दारात उभ्या राहिलात.

मी खुर्ची ओढत नसे, उचलत असे. त्यात चांगुलपणा काही नव्हता. मला आवाज करायची भीती वाटायची. कुठलाच आवाज आपल्याकडून होऊ नये आणि कुणी आपल्याकडे बघू नये, एवढंच माझं शाळेतलं धोरण होतं.

दुसऱ्या दिवशी तुम्ही ऑफिसला बाबांना फोन लावायला सांगितलंत, आणि तिथे घोटाळा झाला. बाबा खडकीच्या दारूगोळ्याच्या कारखान्यात होते. तिथे मोबाइल गेटवर ठेवून आत जावं लागतं. तुमच्या ऑफिसनं मग सेक्शनच्या फोनवर निरोप ठेवला, "वेळ मिळाला की शाळेत फोन करा." त्या सेक्शनच्या फोनवर कुणाच्याही घरून सहसा बरी बातमी यायची नाही. आणि आमच्या क्वार्टर्समध्ये कारखान्यातून घरी फोन आला तर बायका नंबर बघूनच खाली बसायच्या. निरोप तीन तोंडांतून फिरला आणि बाबांपर्यंत पोचला तेव्हा तो असा झाला होता: "पोरीच्या शाळेतून फोन आहे, ताबडतोब बोलावलंय."

बाबा अर्धी रजा टाकून कामाच्या बुटांतच स्कूटरवर आले. तुम्ही मला केबिनमध्ये बोलावलं होतंत आणि मी तुमच्या टेबलाच्या कोपऱ्याशी उभी होते. बाबांनी दार वाजवलं नाही, ढकललं.

"काय झालं पोरीले?"

एरवी बाबा पुण्यात पुण्यासारखं बोलतात. घाबरले की त्यांची भाषा भंडाऱ्याला जाते. मी समोर धडधाकट उभी होते, तरी ते तुम्हालाच विचारत होते.

"काही नाही झालं. बसा ना तुम्ही," तुम्ही म्हणालात. "एक चांगलं सांगायचं होतं. तुमची मुलगी खुर्ची ओढत नाही. उचलते."

बाबा बसले नाहीत. "म्हंजे?"

तुम्ही वरच्या छताकडे बोट दाखवून सगळं समजावून सांगितलंत. पंखा, आवाज, ती एक शांत जागा. बाबा छताकडे बघत राहिले. मग म्हणाले, "मॅडम, एवढ्यासाठी मी अर्धी रजा टाकली."

तुम्ही उभ्या राहिलात. एखादी प्रिन्सिपल पालकासमोर तशी उभी राहिलेली मी नंतर कधी पाहिली नाही. "चुकलं माझं," तुम्ही म्हणालात. "फोनवर पहिलं वाक्य तेच असायला हवं होतं, की सगळं ठीक आहे. इथून पुढे तसंच करीन."

आणि तसंच केलंत. त्यानंतरचा तुमचा प्रत्येक फोन "आधी सांगते, सगळं ठीक आहे" असा सुरू व्हायचा. परवा शोकसभेत दोन जणांनी माइकवर ते वाक्य तुमच्या आवाजात म्हणून दाखवलं आणि हॉल हसला. ते वाक्य माझ्या बाबांच्या बुटांमुळे आलं हे हॉलमध्ये मला एकटीला माहीत होतं. तरीही लोकांचं गॅस बंद करणं थांबलं नाही. शाळेचा नंबर दिसला की हात आपोआप बटणाकडे जात असणार.

आणखी एक गोष्ट तुम्हाला माहीत होती की नव्हती, मला कळलेलं नाही. तुमच्या कौतुकाची बातमी आमच्या क्लास टीचरपर्यंत पोचली आणि त्यांनी मला वर्गापुढे उभं केलं. सगळ्यांनी हिच्यासारखी खुर्ची उचलायची. मुलं दोन दिवस माझी नक्कल करत खुर्च्या बाळासारख्या कडेवर घेऊन फिरली. मग मीही खुर्ची ओढायला लागले, जोरात, पाय घासून. तुम्ही मला काही विचारलं नाहीत. फक्त एकदा जिन्यात भेटलात तेव्हा म्हणालात, "आता वर कोण कुठे बसतं ते काही कळत नाही बाई." आणि निघून गेलात. त्यानंतर वर्गात कुणाचं उदाहरण द्यायचं शाळेत बंद झालं. चांगली गोष्ट फक्त घरी सांगायची, वर्गात नाही, असा तुमचा दंडक झाला. तो माझ्यामुळे झाला असं मी इतकी वर्षं धरून चालले आहे. विचारायला हवं होतं.

तुमच्याशी भांडले ते मोठी झाल्यावर. बाबा निवृत्त झाले, क्वार्टर सोडावं लागलं, आईबाबा भंडाऱ्याला परत गेले आणि मी नोकरीसाठी इथे राहिले, एका खोलीत, लॅपटॉपसमोर. मीटिंगमध्ये माझा कॅमेरा बंद असतो. बाबांनी तुम्हाला फोन करून सांगितलं असणार की पोरगी एकटी आहे, कारण अचानक तुमचे फोन सुरू झाले. तुम्ही तेव्हा निवृत्त होऊन घरी होतात, शनिवार पेठेतल्या फ्लॅटमध्ये, तुमच्या आईबरोबर. जेवलीस का, पगार किती, लग्नाचं काय, यातलं तुम्ही कधीच विचारलं नाहीत. तुमचा प्रश्न एकच असायचा.

"आज कुणाशी बोललीस?"

"मीटिंग होत्या, मॅम."

"ते नाही विचारलं."

निम्म्या वेळा मी फोन वाजू द्यायचे आणि मग मेसेज करायचे, "मीटिंगमध्ये होते." तुम्ही मेसेजला उत्तर द्यायचा नाहीत. पुन्हा फोन करायचात. शेवटी मी एकदा तुम्हाला म्हटलं की फोन म्हणजे न विचारता घरात शिरणं आहे, मेसेज निदान दाराशी थांबतो. त्यावर तुम्ही म्हणालात, "दाराशी थांबलेल्याला चहा कोण देतं?"

"पण मॅम, आता शाळेत अ‍ॅप आहे. मुलानं काही चांगलं केलं की पालकांना स्टार जातो. एका मिनिटात सगळ्यांना."

"हो. आणि सगळे एकेक अंगठा पाठवतात. बघितलंय मी."

"तुम्ही जुन्या आहात."

"आहेच. तू तिशीच्या आत जुनी झालीस त्याचं काय?"

मागून तुमच्या आईचा आवाज आला होता, "झालं का गोड बोलून?" त्या तुमच्या शेजारी बसून काहीतरी निवडत, सोलत असायच्या आणि निवृत्तीनंतरचे तुमचे सगळे फोन ऐकायच्या. निवृत्त झाल्यावरही तुम्ही ते सोडले नव्हतेत. घरच्या लँडलाइनवरून, कधी जुन्या विद्यार्थ्याच्या आईला, कधी शाळेतल्या मावशींच्या मुलाला. त्या घरातून फोन जायचे. तुमच्याबद्दल चांगलं सांगायला त्या घरी कुणाचा फोन येतो का, हा प्रश्न मला तेव्हा सुचलासुद्धा नाही.

अशा लेखांमध्ये शेवटचा फोन उचलायचा राहून गेलेला असतो. मी उचलला होता. आपण भेंडीबद्दल बोललो. मंडईत कोवळी भेंडी आली आहे, मोडून बघायची, वाकली तर घ्यायची नाही, असं तुम्ही मला सांगितलंत, आणि मी म्हटलं की मी ऑनलाइन मागवते. तुम्ही म्हणालात, "मग ती मोडून कोण बघतं?" मी हसले. त्यानंतर पुढच्याच आठवड्यात तुम्ही मंडईत खाली बसलात आणि उठला नाहीत. मला त्या भेंडीचा राग येतो. एवढा वेळ बोललो आणि मी तुम्हाला ती गोष्ट सांगितली नाही.

ती गोष्ट अशी. केबिनमधून बाहेर पडल्यावर त्या दिवशी बाबा घरी जाईपर्यंत माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. मला वाटलं, रजा गेली म्हणून चिडले आहेत. आई दारातच होती, तिलाही कुणीतरी अर्धवट सांगितलं होतं. बाबांनी तिला सगळं सांगितलं, पंखा आणि छतसुद्धा. आई म्हणाली, "एवढंच?" बाबा म्हणाले, "एवढंच." मग बूट काढता काढता खाली बघत म्हणाले, "माझ्या बापाले शाळेत दोनदा बोलावलं होतं. दोन्ही वेळा बाहेरच उभं ठेवलं. चांगलं सांगायले कोणी बोलावलं नाही." आमच्या आजोबांबद्दल मी त्यांच्याकडून ऐकलेलं ते पहिलं वाक्य होतं.

त्या रात्रीपासून बाबा जेवून उठताना खुर्ची उचलतात, मॅम. प्लास्टिकची साधी खुर्ची. उचलतात आणि टेबलाखाली ठेवतात, आवाज न करता. आईनं सुरुवातीला खूप चिडवलं, "खाली कोण राहतं आपल्या? जमीन आहे." ते ऐकत नाहीत. अजून भंडाऱ्याला तसंच करतात. पाहुणे विचारतात तेव्हा आई सांगते, "त्यांना शाळेतून फोन आला होता." जसा काही तो फोन बाबांबद्दलच होता.

हे तुम्हाला सांगायला मला फोन करावा लागला असता. मेसेजमध्ये मी तीनदा लिहून पुसलं. लिहिलं की ते बोधकथेसारखं दिसायचं.

शोकसभेत कुणीतरी माझं नाव घेतलं. माजी विद्यार्थिनी, मॅडमच्या खूप जवळची, दोन शब्द बोलेल. माइक माझ्या रांगेपर्यंत आला. मी मान हलवली आणि तो पुढच्या माणसाकडे गेला. त्यानं कविता म्हटली. मग आभार, आणि मग सगळे उठले आणि हॉलमधल्या सगळ्या खुर्च्या एकदम ओढल्या गेल्या. त्या आवाजात मी जागेवरच बसून राहिले. वर्षानुवर्षं तुमच्या डोक्यावर हे असं वाजत होतं आणि तुम्ही त्यात आवाज नसलेली जागा शोधत होतात. हॉल रिकामा झाल्यावर मी माझी खुर्ची उचलून भिंतीशी ठेवली.

दाराशी तुमचा भाचा मंदार लोकांना हात जोडत उभा होता. मी आजींबद्दल, म्हणजे तुमच्या आईबद्दल, विचारलं.

"येणार होती. साडी नेसून तयार होती," तो म्हणाला. "निघताना फोन वाजला आणि परत आत जाऊन बसली. हॉस्पिटलचा फोन तिनंच घेतला होता ना. आता वाजला की उठून दुसऱ्या खोलीत जाते. वायर काढू का म्हटलं तर तेही नको म्हणते. म्हणते, तिचे लोक फोन करतील."

"करतात का?"

"मेसेज करतात. मला."

मीही तेच केलं होतं. मंदारच्या फोनमध्ये माझा एक मेसेज होता, जोडलेल्या हातांचं चित्र घातलेला.

घरी येऊन मी लँडलाइनचा नंबर लावला. तो वाजत राहिला आणि थांबला. दुसऱ्या दिवशीही तसंच. वाजत असताना मला ती दुसरी खोली दिसत होती, आणि माझ्याच फोनमुळे आजी उठून तिकडे जाताहेत हेही. तिसऱ्या वेळी लावायचा की नाही हे मला ठरवता येईना. तुम्ही असतात तर मी विचारलं असतं, आणि तुम्ही म्हणाला असतात की भांडण हरलीस. मी हरलेले नाही, मॅम. न विचारता घरात शिरणं हे असंच असतं. आत कुणीतरी घाबरतं. बाबा कसे आले होते ते तुम्हीही बघितलं होतंत.

पण तुम्ही तो फोन बंद केला नव्हतात. पहिलं वाक्य बदललं होतंत.

मी मंदारला विचारलं, तो संध्याकाळी तिथे असतो का. तो म्हणाला, सहानंतर असतो, तू लाव, मी उचलून तिला देतो, घेईल की नाही सांगता येत नाही. मी कागदावर काय बोलायचं ते लिहून काढलं आणि पहिल्याच ओळीवर अडले. "आधी सांगते, सगळं ठीक आहे." हे तुमच्या आईला कसं म्हणायचं? काय ठीक आहे? तुमचं तेवढं एक वाक्य मला येत होतं आणि नेमकं तेच त्या घरी चालणार नव्हतं. कागद तसाच बाजूला ठेवून मी नंबर लावला.

मंदारनं उचलला. "थांब हं," म्हणाला. मग रिसीव्हर टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. लांबून त्याचं बोलणं ऐकू येत होतं.

"आजी, फोन आहे तुला."

"कुणाचा?"

"मावशीच्या शाळेतून."

मग जमिनीवर काहीतरी ओढल्याचा आवाज, बहुतेक खुर्चीचा. मग जवळून श्वास. त्या हॅलो म्हणाल्या नाहीत. नुसत्या ऐकत होत्या, पुढचं ऐकायचं आहेच अशा.

मी बसले होते ती उभी राहिले, त्या दिवशी तुमच्या टेबलाच्या कोपऱ्याशी उभी होते तशी, आणि म्हणाले,

"आजी, घाबरू नका. तुमच्या मुलीची एक चांगली गोष्ट सांगायला फोन केलाय."